साइट अख्खी उतरवून ठेवण्याचे दिवस गेले का?

बालाघाटी (धागाकर्ता)

अख्खी साइट डिस्कवर उतरवून देणारं एचटीट्रॅक अजून कुणाच्या मशीनवर आहे का? टेलिपोर्ट प्रो, वेबझिप, ऑफलाइन एक्सप्लोरर ही नावं माहीत असलेली मंडळी इथं सापडतील म्हणून विचारायलोय.

कारण असं. आमच्या भागातल्या एका वाचनालयात नेट आहे, पण आकाश भरून आलं की जातं आणि मग कधी येईल त्याचा नेम नाही. तिथल्या संगणकांवर स्पर्धा परीक्षेच्या आणि शेतीच्या काही साइटी कायमच्या उतरवून द्या, असं काम माझ्याकडे आलं. दोन हजार सालच्या आसपास अंबाजोगाईत आम्ही हे काम डोळे झाकून करायचो. पत्ता टाकायचा, किती पायऱ्या आत जायचं ते ठरवायचं, बटण दाबायचं आणि जेवायला जायचं. साइट डी ड्राइव्हवर हजर, आतले दुवे सगळे चालू.

आता तेच केलं तर फोल्डर बनतो. त्यात एचटीएस-कॅश असतो, लॉगची फाइल असते, ते जुनं ओळखीचं बॅकब्लू डॉट जिफसुद्धा असतं. इंडेक्स उघडलं की पांढरं पान, मधोमध एक गोल गरगर फिरतंय. लॉग वाचला तर एक चूक नाही. प्रोग्रामच्या हिशोबानं काम फत्ते झालेलं आहे.

माझं मत आधीच मांडून टाकतो, म्हणजे नंतर वाद घालायला सोपं. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. ते ज्या वेबसाठी लिहिलं ती वेब राहिली नाही. विगेट हा तसलाच दुसरा प्रोग्राम १९९६ चा, एचटीट्रॅक १९९८ चं. तेव्हा पान म्हणजे सर्व्हरवर पडलेली एक फाइल. प्रोग्राम ती आणायचा, तिच्यातले दुवे वाचायचा, पुढच्या फाइली आणायचा आणि दुव्यांचे पत्ते बदलून आपल्या डिस्कवरचे करायचा. एवढंच गणित. आज सर्व्हरवरून येतो तो नुसता सांगाडा. मजकूर मागाहून येतो, जावास्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम) चालल्यावर. एचटीट्रॅक जावास्क्रिप्टमधले काही पत्ते हुडकून काढतं, पण ती जावास्क्रिप्ट चालवत नाही. मग मजकूर यायचा कुठून?

गरजच संपली असती तर मी धागा काढला नसता. पाटोदा-आष्टीकडच्या घाटात किंवा किनवट-माहूरच्या रानात रेंज नावाची वस्तू कशी असते ते तिथल्यांना विचारा. गरज आहे तिथंच आहे, हत्यार तेवढं बोथट झालंय. दुसरं काही वापरत असाल तर सांगा. आणि "आता कशाला लागतंय हे" असं म्हणणाऱ्यांनीही सांगा, पण जरा कारण देऊन.

मोसंबी

दादा, कारण देऊन सांगतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि हा विषय तिथंच मिटला. रोजचा दीड जीबी डेटा रात्री बाराला वाया जातो आमचा. साइट उतरवण्यात जो वेळ घालवणार त्या वेळात ती दहादा वाचून होईल. शिवाय उतरवलेली साइट त्याच दिवशी शिळी. स्पर्धा परीक्षेच्या मुलाला गेल्या वर्षीच्या चालू घडामोडी देऊन काय उपयोग?

वाचनालयाला एक चांगला राउटर आणि दोन कंपन्यांची सिमं घेऊन द्या. धागा समाप्त.

उस्मानाबादी शेळी

जालन्यात बसून रेंजवर बोलणं सोपं असतंय मोसंबीशेठ. आमच्या शेतात एकाच बाभळीखाली एक काडी येते, तीबी उत्तरेकडं तोंड करून उभं राहिलं तर. दोन सिमं घेतली तर दोन बाभळी लागतील. हलके घ्या.

गोदातीर

बालाघाटी, बऱ्याच वर्षांनी कुणीतरी ही नावं काढली.

नव्या मुलांना कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. डायल-अपच्या काळात छप्पन्न के चा मोडेम असला तरी हातात पडायचे सेकंदाला चार-पाच किलोबाइट. एक एमबी यायला तीन-चार मिनिटं. वर फोनचं बिल वेगळं चालू, आणि घरात कुणाला फोन करायचा झाला तर नेट बंद. अशा वेळी वाचत बसणं म्हणजे पैसे जाळणं. म्हणून आधी उतरवायचं, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायचं. ही काही हौस नव्हती, बिलाचा हिशोब होता. इंटरनेट एक्सप्लोररलाच तशी सोय होती. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत साइटची वर्गणी भरल्यासारखी नोंद करता यायची, मग तो ठरल्या वेळी स्वतःच पानं आणून ठेवायचा. फाइल मेनूत 'वर्क ऑफलाइन' असायचं.

२००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि पुढं रात्री दोन ते सकाळी आठ मोकळं रान देणारी योजना आली. आमच्यासारख्यांची दिवाळीच. दोनचा गजर लावून उठायचं, एचटीट्रॅक सुरू करायचं, परत झोपायचं. पण नांदेडला तेव्हा भारनियमन असं होतं की रात्रीचा पत्ता नाही, पहाटेचा नाही. त्यामुळं या सॉफ्टवेअरचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा गुण वेगळाच होता. 'तुटलेलं काम पुढे चालू करा' असा पर्याय त्यात होता. तुम्ही म्हणता तो एचटीएस-कॅश त्यासाठीच. वीज गेली तरी कुठपर्यंत आलं होतं त्याची नोंद त्यात राहायची, दुसऱ्या रात्री तिथून पुढं. मराठवाड्यासाठीच लिहिलंय की काय असं वाटायचं. लिहिलं होतं मात्र झेव्हिए रोश नावाच्या फ्रेंच माणसानं.

मोसंबी म्हणतो ते निम्मं खरं आहे. डेटा महाग होता म्हणून जे उतरवत होतो ते उतरवायचं कारण आता नाही. पण त्या डिस्कवरच्या कितीतरी साइटी आज जगात कुठंच नाहीत. स्वतःची पानं फुकट ठेवायची जागा असलेलं जिओसिटीज २००९ मध्ये याहूनं बंद केलं. तिथं मराठी माणसांनी हौसेनं केलेली पानं होती, कुणाचं आरत्यांचं, कुणाचं किल्ल्यांचं. २०१४ मध्ये ऑर्कुट गेलं. आपण वाचायला म्हणून उतरवलं आणि जतन आपोआप झालं. हा दुसरा उपयोग डेटा कितीही स्वस्त झाला तरी संपत नाही.

लेणे क्र. १६

संभाजीनगरात वेब डेव्हलपमेंट करतो, म्हणजे बालाघाटींच्या पांढऱ्या पानाला जबाबदार असलेल्या जमातीतला. त्यामुळं गुन्हेगाराच्या बाजूनं थोडं.

धाग्यात म्हटलंय ते बरोबर, फक्त चित्र त्याहून वाईट आहे. जावास्क्रिप्ट हा एकच अडथळा असता तर मार्ग निघाला असता. प्रत्यक्षात एकावर एक थर आहेत.

तुमचं पांढरं पान घ्या. समजा सगळ्या फाइली नीट उतरल्या. तुम्ही डबल क्लिक केलंत की पत्ता 'फाइल' या शब्दानं सुरू होतो, आणि अशा पत्त्यावरून जावास्क्रिप्टचं मॉड्यूल लोड करायला क्रोम सुरक्षेसाठी नकार देतो. म्हणजे माल घरात आहे पण कुलपात. त्यासाठी फोल्डरवर छोटा स्थानिक सर्व्हर चालवावा लागतो. पायथन असेल तर एका ओळीचं काम. काही साइटी तेवढ्यानं उघडतात, बालाघाटींनी करून बघावं. बहुतेक नाही उघडत, कारण पुढचा थर: मजकूर वेगळ्या सर्व्हरकडून मागवला जातो, त्या क्षणी, तुमच्या नावाच्या टोकनसह, म्हणजे ओळखचिठ्ठीसह. तो सर्व्हर तुमच्या डिस्कवर येत नाही.

चित्रांचं बघा. पान हलकं वाटावं म्हणून आम्ही चित्र तुम्ही खाली सरकाल तेव्हाच आणतो. तोवर तिथं राखाडी चौकोन असतो, खरा पत्ता भलत्याच ठिकाणी लिहिलेला. उतरवणारा प्रोग्राम इमानदारीत राखाडी चौकोन उतरवतो. यादी असेल तर पहिल्या दहा नोंदी येतात, बाकीच्या खाली सरकल्यावर, आणि प्रोग्राम काही सरकत नाही. व्हिडिओ तर एक फाइल म्हणून असतच नाही, काही सेकंदांचे तुकडे आणि त्यांची यादी.

उलटा त्रासही आहे. जिथं प्रोग्रामला वाट मिळते तिथं ती संपत नाही. साइटवर एखादं कॅलेंडर असलं की 'पुढचा महिना' दाबत दाबत तो पुढच्या शतकात जातो. वर्डप्रेसवर प्रत्येक प्रतिसादाला 'उत्तर द्या'चा वेगळा पत्ता असू शकतो, म्हणजे एकच लेख पन्नासदा उतरतो. हे गाळायचे नियम हातानं लिहावे लागतात आणि दर साइटला नवे.

आणि अलीकडची दोन-तीन वर्षं म्हणजे कहर. एआयची भाषेची मॉडेलं शिकवायला मजकूर गोळा करणारे बॉट, म्हणजे आपोआप साइटी वाचत फिरणारे प्रोग्राम, इतके झाले की लहान साइटींचे सर्व्हर झोपायला लागले. मग दारावर पहारे आले. साइटींना असा पहारा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीनं २०२५ च्या जुलैपासून नव्या साइटींना असे एआय बॉट अडवणं हाच मूळ पर्याय करून दिला. पहारेकऱ्याला समोरचा मोठ्या कंपनीचा बॉट आहे की अंबाजोगाईच्या वाचनालयासाठी उतरवणारा माणूस, हे कळत नाही. तुम्ही माणूस आहात का, हे विचारणारं पान येतं आणि एचटीट्रॅक तेच पान हजार वेळा साठवतं.

थोडक्यात, पूर्वी सर्व्हरवरून भाकरी यायची. आता पीठ येतं आणि चूल तुमच्या ब्राउझरमध्ये पेटते.

उस्मानाबादी शेळी

आन जळण?

लेणे क्र. १६

शेळीनं नेमकं हेरलं. जळण त्यांच्या सर्व्हरवरून येतं, म्हणून तर ऑफलाइन जमत नाही.

तुळजाई

परभणीत ग्रंथालयात काम करते, म्हणून जतनाबद्दल.

गोदातीर काका, तुमच्या डिस्कवरच्या मराठी साइटी उघडून बघा आधी. माझ्याकडे २००३ च्या सुमारास उतरवलेल्या मराठी वर्तमानपत्रांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांची सीडी आली होती. फाइली शाबूत, पण उघडल्यावर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. त्या काळी युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळलेलं नव्हतं. प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट, 'क' च्या जागी कुठलं तरी इंग्रजी चिन्ह. फॉन्ट साइटवरूनच यायचा, ईओटी नावाच्या प्रकारात, आणि तो फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळायचा. त्यातही मेख अशी की ईओटी फॉन्ट त्या साइटच्या पत्त्याला बांधता यायचा. दुसऱ्या पत्त्यावरून मागितला तर उमटत नाही. आपली सी ड्राइव्ह म्हणजे दुसराच पत्ता. म्हणजे फॉन्ट उतरवून ठेवला असता तरी उपयोग नव्हता! आता तो ब्राउझरही गेला, २०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार काढला. शेवटी फॉन्ट कुठला ते अंदाजानं ओळखून, युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून एकेक पान काढावं लागलं. जोडाक्षरं आणि रफार तरी हातानंच दुरुस्त केले.

हे एवढ्यासाठी सांगितलं की 'तेव्हा सगळं नीट उतरायचं' हेही पूर्ण खरं नाही. इंग्रजी साइटी नीट उतरायच्या.

आता काय करायचं? जतनासाठी एचटीट्रॅक मी तरी सुचवणार नाही. ते दुवे बदलतं, फाइलींची नावं बदलतं, मूळ पान नेमकं कसं आलं होतं याचा पुरावा राहत नाही. ग्रंथालयांची दुनिया वार्क फाइल वापरते. त्यात सर्व्हरला काय विचारलं आणि त्यानं काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं, तारखेसह असतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक आहे. पूर्वी हे मोठ्या संस्थांचं काम होतं, आता नाही. आर्काइव्हवेब डॉट पेज हे ब्राउझरचं एक्स्टेंशन लावा आणि साइट नेहमीसारखी वाचा. तुम्ही जे उघडाल, जिथवर खाली सराल, ते सगळं नोंदलं जातं. जावास्क्रिप्ट खऱ्या ब्राउझरमध्ये चाललेली असते, त्यामुळं लेणे क्र. १६ यांचे अर्धे थर आपोआप पार होतात. परत बघायला रिप्लेवेब डॉट पेज. मर्यादा उघड आहे: जे तुम्ही वाचलं तेवढंच येतं. साइट नाही उतरत, तुमचं वाचन उतरतं.

आणि एकच लेख हवा असेल तर सिंगलफाइल. चित्रांसकट पान एका एचटीएमएल फाइलमध्ये, पेन ड्राइव्हवर टाका, कुठल्याही संगणकावर उघडतं. वाचनालयाला माझ्या मते हेच पुरेसं आहे. अख्ख्या साइटीतलं वाचतं कोण?

अवांतर: स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत ठेवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे. अख्खी साइट उतरवून वाचनालयात सगळ्यांना देणं ही वेगळी गोष्ट, साइटवाल्याला विचारलेलं बरं.

मोसंबी

ताई, सिंगलफाइल आत्ताच लावून बघितलं, भारी आहे. वाचनखूण साठवली.

पण सरकारी साइटींचं काय? मला एका खात्याच्या साइटवरचे सगळे शासन निर्णय हवेत. पहिलं पान उतरतं, दुसऱ्या पानावर प्रोग्राम जातच नाही.

लेणे क्र. १६

कारण दुसऱ्या पानाला पत्ताच नाही. एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीनं बांधलेल्या साइटीत '२' या आकड्यावर दुवा नसतो, 'डू-पोस्टबॅक' नावाची आज्ञा असते. ती एक अदृश्य फॉर्म भरून त्याच पत्त्यावर परत पाठवते. विगेट-एचटीट्रॅकला दुवे फॉलो करता येतात, असे फॉर्म ते भरत बसत नाहीत. सेलेनियम किंवा प्लेराइटनं खरा ब्राउझर चालवून बटणं दाबायला लावायची, हाच मार्ग. दोन क्लिकमध्ये मध्ये थांबा मात्र. सर्व्हर आपल्याच पैशाचा आहे.

बालाघाटी

भरपूर हाती लागलं. पायथनचा स्थानिक सर्व्हर करून बघितला, शेतीच्या साइटीपैकी एक उघडली, बाकी तशाच.

मोसंबीच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. चालू घडामोडी शिळ्या होतात, मान्य. पण वाचनालयातली पोरं जे मागतात त्यातलं बहुतेक शिळं होणारं नाही. राज्यघटना, भूगोल, जुन्या प्रश्नपत्रिका, सोयाबीनवरचे किडे.

आणि एक गोष्ट इथं कुणी बोललं नाही. आपल्याकडचं खरं ऑफलाइन ब्राउझर सध्या वॉट्सॲप आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला गावात पोचतो तो साइटवरून नाही, कुणीतरी पीडीएफ ग्रुपवर टाकतं म्हणून. बालभारतीची पुस्तकं तशीच, प्रश्नपत्रिका तशाच. फाइल एकदा फोनमध्ये आली की बाभळीखाली जायची गरज नाही. एचटीट्रॅकनं जे काम केलं ते आता माणसांनी वाटून घेतलंय, एक जण रेंजमध्ये जाऊन उतरवतो आणि चारशे जणांना मिळतं.

याचा तोटाही मोठा आहे. उतरवलेल्या साइटीत निदान पत्ता आणि तारीख असायची. ग्रुपवरच्या पीडीएफला आई-बाप नसतात. गेल्या खरिपाचा फवारणीचा सल्ला या खरिपात परत फिरायला लागला की लोक भांडतात, पण तोवर कुणीतरी औषध आणलेलं असतं. म्हणून वाचनालयात नुसता पीडीएफचा ढीग ठेवायला माझं मन घेत नाही. शोधता यावं, कुठून आलं ते दिसावं, असं काही पाहिजे.

पैनगंगा

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, किनवट तालुका. धागा दोन दिवस वाचायलोय, कारण तुम्ही जे शोधायलात ते आमच्या शाळेत चालू आहे. साइट उतरवायच्या भानगडीत आम्ही पडलोच नाही. ज्यांनी मुळातच ऑफलाइनसाठी बांधून ठेवलंय तेवढंच घेतलं.

किविक्स नावाचा प्रोग्राम आहे, २००७ पासूनचा, फुकट. त्याला झिम नावाच्या फाइली लागतात. एक झिम म्हणजे एक अख्खं संकेतस्थळ, दाबून बसवलेलं, आत शोधायची सोय असलेलं. मराठी विकिपीडियाची झिम साध्या पेन ड्राइव्हवर मावते. इंग्रजीची चित्रांसकट शंभर जीबीच्या पुढं जाते, चित्रांशिवायची बरीच लहान. विकिपीडिया सोडून इतरही खूप आहे, गुटेनबर्ग प्रकल्पाची जुनी मोफत पुस्तकं आहेत, तुमच्या लेणेसाहेबांच्या कामाचं, प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं स्टॅक ओव्हरफ्लो आहे. प्रत्येक फाइलीच्या नावात महिना-वर्ष असतं, म्हणजे माहिती कधीची ते उघड.

आमच्याकडे रास्पबेरी पाय आहे, पत्त्यांच्या डबीएवढा संगणक. त्यावर किविक्सचा सर्व्हर चालतो आणि तोच वायफाय सोडतो. वीज गेली तरी पॉवर बँकवर चालतो. मुलं शाळेचे टॅब नाहीतर घरचे फोन जोडतात आणि फळ्यावर लिहिलेला आकडी पत्ता टाकतात. पहिल्या आठवड्यात एक अडचण सगळ्यांना आली, ती सांगून ठेवतो. फोन अशा वायफायला जोडला की 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही' म्हणतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर परत जातो. मग पान उघडत नाही आणि मुलं म्हणतात, गुरुजी डबी बिघडली. 'तरीही जोडलेलं राहा' असं विचारतो तिथं हो म्हणायचं, नाहीतर डेटा बंद करायचा.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. शोधताना 'ज्वालामूखी' लिहिलं तर काही सापडत नाही. आधी मी वैतागायचो, आता पाचवीतली पोरं एकमेकांचं शुद्धलेखन तपासायलीत!

मराठी विकिपीडियाबद्दल खरं सांगायचं तर कितीतरी लेख दोन ओळींचे आहेत. आपल्या तालुक्यातलं गाव काढलं तर लोकसंख्या आणि चौकट, पुढं काही नाही. सातवीच्या वर मुलाला इंग्रजी विकिपीडियाकडं वळवावंच लागतं. त्याला किविक्स काय करणार, लिहिणारे आपणच कमी.

सगळ्यात जास्त वापर होतो तो फेटच्या सिम्युलेशनचा. कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, मराठीतही आहे. विजेचं सर्किट जोडा, लोलक हलवा. आता हे सगळं जावास्क्रिप्ट आहे बरं का, पांढऱ्या पानावाल्या साइटींसारखंच. पण त्यांनी प्रत्येक सिम्युलेशन एका एचटीएमएल फाइलीत बांधून दिलंय. उतरवा, डबल क्लिक करा, चालू. एवढी नाजूक वस्तू ऑफलाइन चालते आणि साधी बातमी चालत नाही, याचं कारण बांधणाऱ्यानं तसं ठरवलं नाही, एवढंच.

लेणे क्र. १६

गुरुजी, शेवटचं वाक्य आमच्या ऑफिसात लावायला पाहिजे. तंत्र आहे. सर्व्हिस वर्कर म्हणून सोय आहे, साइटवाल्यानं ती वापरली तर एकदा उघडलेली साइट नेट नसताना परत उघडते. ग्राहक मागत नाही म्हणून आम्ही करत नाही. करतात ते ॲपवाले, आणि तेही कुलूप लावून. ॲपमधलं डाउनलोड ॲपमध्येच दिसणार, ठरावीक दिवसांनी परत नेटला जोडून हजेरी द्यायची. तुमच्या फोनमध्ये असूनही तुमचं नाही.

बालाघाटींना एक सांगायचं राहिलं. कुठल्याही साइटीची झिम बनवायला झिमिट आहे. आत खरा ब्राउझर चालतो, त्यामुळं जावास्क्रिप्टचा प्रश्न बराच सुटतो. लहान, शांत साइटींवर चांगलं चालतं. पहारेवाल्या साइटींवर त्याचंही काही चालत नाही.

उस्मानाबादी शेळी

गुरुजी, डबीत कीर्तनं भरता येतात का? आमच्या बाभळीखाली एक बसवावी म्हणतो.

पैनगंगा

येतात. फाइली असतील तर काहीही भरता येतं. पण शेळीला पासवर्ड देणार नाही.

गोदातीर

गुरुजी, कालपासून इंग्रजी झिम कार्डावर टाकायला बसलोय. कार्डावर जागा भरपूर आहे, तरी कॉपी सुरूच होत नाही, 'फाइल फार मोठी' म्हणतो.

पैनगंगा

काका, कार्ड फॅट३२ मध्ये फॉर्मॅट केलेलं असणार. त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, कार्ड कितीही मोठं असो. एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट करा. आधी त्यावरचं सगळं काढून घ्या, पुसलं जातं. आणि उतरवताना मध्येच तुटत असेल तर किविक्सच्या साइटवर टोरेंटचा दुवाही असतो, तो जिथं तुटतो तिथून पुढं चालू होतो.

बालाघाटी

गुरुजी, वाचनालयवाल्यांना बोललो. आधी झिम आणि फेट, मग तुळजाई ताईंनी सांगितलेल्या पद्धतीनं निवडक लेख, खाली पत्ता आणि तारखेसह. शेतीच्या ज्या साइटी लहान आहेत त्यांच्या मालकांना विचारून झिमिट लावून बघतो. इंग्रजी फाइल इथल्या नेटवर उतरवायची म्हटलं तर पोळा येईल. तुमच्याकडची कॉपी करून घ्यायला मंगळवारी किनवटला आलो तर चालेल का?

पैनगंगा

मंगळवारी केंद्रावर बैठक आहे, बुधवारी या. दुपारनंतर. डिस्क आणा, कार्ड नको, फार वेळ खातं. आणि निघताना फोन करू नका, लागणार नाही. सरळ शाळेत या.